आजाऱ्यांची वाट, पैलवानांचा घाट

१६७५ साली पायाने अधू असलेल्या पाच वर्षांच्या एका मुलाला घेऊन एक बाई पॅरिसहून निघाली आणि मजल दरमजल करत पिरेनीज पर्वतात पोचली. मुलगा साधासुधा नव्हता. तो चौदाव्या लुईचा अनौरस पुत्र, मेनचा ड्यूक. बाई त्याची सांभाळकर्ती, मादाम द मँतनाँ. पुढे याच बाईशी राजाने गुपचूप लग्न केले. बारेज नावाच्या डोंगरातल्या खेड्यात गंधकाच्या गरम पाण्याचे झरे होते आणि त्या पाण्याने अधू पाय सुधारतात असा लौकिक होता. पण लुर्दकडून बारेजला जाणारी दरीतली वाट इतकी अरुंद होती, की राजपुत्राचा लवाजमा तिच्यातून नेणे अवघड. म्हणून ही मंडळी पूर्वेच्या बाजूने, तूर्माले नावाच्या उंच खिंडीतून, डोलीत बसून पलीकडे उतरली. आज सायकलीच्या जगात तूर्मालेइतके नाव दुसऱ्या क्वचितच एखाद्या घाटाला असेल. त्याच्या लिखित इतिहासातला हा पहिला नामांकित प्रवासी चढ चढला तो भोयांच्या खांद्यावरून.

पिरेनीजमधल्या घाटरस्त्यांची गोष्ट इथून सुरू करावी लागते, कारण पुढे ज्या वाटेवर पैलवानांची छाती फुटायची वेळ आली, ती मुळात आजाऱ्यांसाठी काढलेली होती. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर आडव्या पसरलेल्या या पर्वताच्या उत्तर उतारावर गरम पाण्याचे झरे जागोजाग आहेत. पश्चिमेला ओ-बॉन, मग कोतेरे, सँ-सोव्हर, बारेज, बान्येर-द-बिगोर आणि पूर्वेला ल्यूशों. कुठले पाणी घशाला, कुठले कातडीला, कुठले जुन्या जखमांना. बारेजला तर जखमी सैनिकांसाठी लष्करी रुग्णालयच होते. एकोणिसाव्या शतकात झऱ्यांवर जाणे ही मोठी टूम झाली. १८४३ मध्ये व्हिक्तोर ह्यूगो कोतेरेला येऊन गेला, १८४५ मध्ये चित्रकार दलाक्रुआ घशाच्या दुखण्यापायी ओ-बॉनला येऊन राहिला.

अडचण एकच होती. ही सगळी गावे वेगवेगळ्या दऱ्यांत, आणि दऱ्या उत्तर-दक्षिण. एका झऱ्यावरून शेजारच्या झऱ्यावर जायचे तर आधी मैदानात उतरायचे, मग दुसऱ्या दरीने पुन्हा वर चढायचे. तिसऱ्या नेपोलियनची राणी युजेनी ओ-बॉनच्या पाण्याची भक्त होती. १८५९ मध्ये राजाराणी सँ-सोव्हरला येऊन राहिली आणि राजाला या मुलखाचा लळा लागला. मग त्याच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, या दऱ्यांना आडवे छेदत झऱ्यांची गावे एकमेकांना जोडणारा गाडीरस्ता तयार झाला. ओबिस्क, तूर्माले, आस्पँ, पेरसूर्द या खिंडी एका सुतात ओवल्या गेल्या. ‘झऱ्यांचा रस्ता’ हेच त्याचे नाव पडले. आज सरकारी नकाशावर त्याचा बराचसा भाग डी ९१८ या क्रमांकाने दाखवतात.

महाबळेश्वरची आठवण इथे होणे साहजिक आहे. तिथेही मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने १८२८ मध्ये मुक्काम ठोकला तो आजारी गोऱ्या सैनिकांना हवापालट मिळावा म्हणून, आणि घाट फुटले ते त्यामागोमाग. थंड हवा असो की गरम पाणी, सुखवस्तू माणूस आजारी पडल्याशिवाय डोंगराला रस्ता मिळत नाही, असा त्या शतकाचा रिवाजच दिसतो.

या रस्त्याची उंची मराठी वाचकाला कळावी म्हणून आपल्या कळसूबाईला साक्षीला बोलवावे लागेल. कळसूबाई १,६४६ मीटर. चार खिंडींपैकी आस्पँ १,४८९ आणि पेरसूर्द १,५६९ मीटरवर, म्हणजे तिच्यापेक्षा थोड्या खाली. ओबिस्क १,७०९ मीटरवर, तिच्या डोक्यावर. तूर्माले २,११५ मीटर. सँत-मारी-द-काँपाँ या पायथ्याच्या गावातून तूर्मालेचा चढ सतरा किलोमीटर चालतो आणि त्यात साडेबाराशे मीटरपेक्षा जास्त उंची गाठावी लागते. सरासरी चढ शंभराला सातच्या वर. पलीकडे ल्यूझ गावाच्या बाजूनेही तोच हिशेब, फक्त लांबी एकोणीस किलोमीटर.

खाली जंगल, वर उघडे माळ, असा या घाटांचा पोशाख. आस्पँच्या पश्चिम उतारावर पायोलकडे जाताना दाट फरची झाडी लागते, मधूनमधून बीच. पावसानंतर ओल्या पाचोळ्याचा आणि डिंकाचा वास रस्त्यावर दाटून राहतो. याच वाटेवर एस्पियादेची संगमरवराची खाण आहे. तिथला हिरवट-तांबूस दगड व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत गेला. बारेजच्या वरची झाडी मात्र निसर्गाने दिलेली नाही. चराईने आणि तोडीने बोडके झालेले ते उतार दर हिवाळ्यात गावावर बर्फाचे कडे सोडत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सरकारने तिथे बांध घातले, पायऱ्या खोदल्या, रोपे लावली. सायकलवाला ज्या सावलीत घटकाभर दम खातो ती झाडे वनखात्याच्या मजुरांनी लावलेली आहेत. आणि जंगलात अस्वले होती. पुढे ती संपत आली, म्हणून १९९६ पासून स्लोव्हेनियातून नवी आणून सोडावी लागली. १९१० च्या सुमारास मात्र पिरेनीजमधल्या अस्वलांची बातमी पॅरिसच्या वाचकाला खरी वाटावी इतकी ती नक्कीच होती.

तर या रस्त्यावर सायकल आली कधी?

सर्वसाधारण समज असा, की १९१० मध्ये ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत पिरेनीजमध्ये शिरली आणि माणसाने पहिल्यांदा सायकलीवर हे घाट सर केले. तो समज त्या शर्यतीच्या जाहिरातबाजीने पक्का केला. खरी गोष्ट अशी, की हौशी प्रवासी त्याआधीच इथे फिरत होते. १८९० मध्ये स्थापन झालेला ‘तूरिंग क्लब द फ्रान्स’ सायकलवाल्यांना रस्ते, खाणावळी, चढउतार यांची माहिती पुरवत होता. क्लबचे सभासद बहुतेक डॉक्टर, वकील, शिक्षक, व्यापारी. त्यांना शर्यत जिंकायची नव्हती, डोंगर पाहायचा होता. डोंगर पाहायचा तर पाय शिल्लक राहायला हवेत.

म्हणून गियरचा ध्यास शर्यतवाल्यांच्या आधी या प्रवाशांनी घेतला. त्यांचा म्होरक्या सँ-एतिएनचा पॉल द व्हिव्ही. १८५३ साली जन्मलेला हा गृहस्थ रेशमाच्या धंद्यात होता. तो सोडून सायकलीच्या नादी लागला, १८८७ मध्ये सायकलीवरचे नियतकालिक काढले आणि ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने आयुष्यभर लिहीत राहिला. मांसाहार सोडलेला, पहाटे उठून शंभर-दोनशे किलोमीटर मारून येणारा हा माणूस एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगे. सपाटीवरचा गियर चढावर चालत नाही, चढावरचा सपाटीवर चालत नाही, तेव्हा सायकलीला दोन्ही हवेत. सँ-एतिएन हे बंदुका, रिबिनी आणि सायकली बनवणारे कारागिरांचे गाव असल्याने त्याच्या डोक्यातल्या कल्पना हातोहात लोखंडात उतरत. १९३० मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ट्रामच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. तेव्हाही तो सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता.

१९०२ च्या ऑगस्टमध्ये तूरिंग क्लबने तार्ब शहरातून प्रवासी सायकलींची एक चाचणी घेतली. डोंगरात कुठली सायकल टिकते ते पाहायचे होते आणि मार्गावर तूर्मालेचा घाट होता. उतरलेल्या सायकलींत तऱ्हेतऱ्हेचे गियर होते. मार्थ एस नावाची एक स्त्री ‘गोल्वाझ’ बनावटीची, तीन गियरची सायकल घेऊन आली होती. जमिनीला पाय न टेकवता ती घाट चढून गेली. लांब घागऱ्यांचा तो काळ. बाईने सायकलवर बसावे की नाही यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरत. आणि या बाईने, शर्यतवाले येण्याच्या आठ वर्षे आधी, तूर्मालेचा प्रश्न निकालात काढला होता.

हे पाहून आँरी देग्रांज या पत्रकाराने जे लिहिले त्याचा आशय असा होता, की गियर ही पंचेचाळिशी उलटलेल्यांची सोय आहे. यंत्राच्या क्लृप्तीने जिंकण्यापेक्षा स्नायूंच्या बळावर जिंकणे श्रेष्ठ, आणि या असल्या लाडांनी आपण मऊ पडत चाललो आहोत. मतप्रदर्शन म्हणून ते सोडून देता आले असते. पण देग्रांज साधा मतवाला नव्हता. १८९३ मध्ये एका तासात ३५.३२५ किलोमीटर तोडून त्याने पहिला अधिकृत तासाचा विक्रम केला होता, पिवळ्या कागदावर छापल्या जाणाऱ्या एका क्रीडादैनिकाचा तो संपादक होता, आणि पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, दैनिकाचा खप वाढावा म्हणून त्याने ‘तूर द फ्रान्स’ सुरू केली. शर्यतीचे नियम लिहिणारा हात त्याचा होता. स्पर्धकांना साखळी बदलणारा गियर वापरता आला तो थेट १९३७ मध्ये.

तूर्मालेची दहशत समजून घ्यायची तर हा नियम नीट ध्यानात ठेवला पाहिजे. डोंगर होता तितकाच उंच होता. त्याला अक्राळविक्राळ केले नियमाने.

तेव्हाचा शर्यतवाला घाटाच्या पायथ्याशी येऊन काय करी, ते बघण्यासारखे आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक दातेरी चक्र असे, एक सपाटीचे, एक चढाचे. गडी सायकलवरून उतरणार, पंखाची नटे सोडवणार, साखळी सैल करून काढणार, चाक उलटे फिरवून पुन्हा बसवणार, साखळी चढवून ताण बघणार, नटे आवळणार, मग टांग मारणार. माथ्यावर पोचला की हाच खटाटोप उलट्या क्रमाने. थंडीने बोटे वाकत नसतील तर नटे दातांनीही सोडवायची. पायथ्याशी थांबायचे की अजून अर्धा किलोमीटर दामटायचे, यावर डावपेच चालत. चढाचे चक्रसुद्धा आजच्या मानाने इतके जड, की बरेच जण शेवटी उतरून सायकल ढकलतच.

देग्रांजला डोंगराचे आकर्षण होते तसे भयही होते. १९०५ मध्ये त्याने व्होज पर्वतातला बालों दाल्झास हा झाडीतला घाट शर्यतीत घातला तेव्हा तो सायकलीवरून कोणी चढेल असे त्याला वाटत नव्हते. रने पोतिएने तो चढून दाखवला. व्होज ही टेकडीच म्हणायची, पिरेनीज वेगळे. देग्रांजचा सहकारी आल्फाँस स्तेनेस मात्र हट्टाला पेटला होता. वर्तमानपत्राला दरवर्षी नवे काही लागते आणि मैदानातल्या लढती आता सरावाच्या झाल्या, हे त्याचे म्हणणे. शेवटी देग्रांज वैतागून म्हणाला, जा, बघून ये.

स्तेनेसच्या त्या पाहणीची कथा फ्रान्समध्ये पोरासोरांना पाठ आहे. ओबिस्कच्या बाजूला रस्तेखात्याच्या माणसाने त्याला वेड्यात काढले. डागडुजीला पैसे लागतील म्हणाला, आणि पॅरिसशी घासाघीस होऊन रक्कम ठरली. तूर्मालेवर अजून बर्फ होते. स्तेनेस भाड्याची मोटार घेऊन सँत-मारी-द-काँपाँकडून निघाला. माथा काही किलोमीटरवर राहिला असताना चाके बर्फात रुतली. अंधार पडत होता, चालकाने पुढे यायला साफ नकार दिला. स्तेनेस शहरी बूट घालून पायीच निघाला, माथा ओलांडला, उतारावर वाट चुकला, घसरून पडला, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर भिजून काकडलेला असा बारेजला लोकांच्या हाती लागला. गरम पाण्याने अंघोळ आणि पोटभर जेवण झाल्यावर त्याने देग्रांजला तार ठोकली: तूर्माले ओलांडला, रस्ता उत्तम, जाण्यायोग्य.

पत्रकारितेच्या इतिहासात इतकी निखालस खोटी आणि इतकी फलदायी तार दुसरी सापडणे कठीण.

१९१० च्या जुलैत ११० स्पर्धक निघाले. पिरेनीजचा मार्ग जाहीर झाल्यावर काहींनी आधीच नाव काढून घेतले होते. दहावा टप्पा २१ जुलैला, ल्यूशों ते बायॉन, ३२६ किलोमीटर. पेरसूर्द, आस्पँ, तूर्माले, ओबिस्क, ओळीने चारही. वर्तमानपत्रांनी या मालिकेला ‘मृत्यूचे वर्तुळ’ म्हटले. नकाशावर ते वर्तुळ नव्हते, पश्चिमेकडे धावणारी वेडीवाकडी रेघ होती, पण भूमितीची चूक काढत बसायला कोणाला सवड होती? थकून मागे पडणाऱ्यांना उचलून आणणारी झाडूगाडी त्याच वर्षी पहिल्यांदा शर्यतीच्या शेपटाला लावली गेली. देग्रांज स्वतः मात्र प्रकृतीचे कारण सांगून पॅरिसला परतला आणि सूत्रे त्याचा सहकारी व्हिक्तोर ब्रेयेर याच्या हाती आली. नेमकी त्याच वेळी बिघडलेल्या या प्रकृतीबद्दल फ्रेंच लेखक शंभर वर्षे मिश्किल हसत आले आहेत.

पहाटे साडेतीनला, अंधारात, झेंडा पडला. रस्ता खडी-मातीचा, पावसाने चर पडलेला, गुरांनी तुडवलेला. सायकली आजच्या दुप्पट वजनाच्या. पंक्चर निघाले तर टायर स्वतः सोडवायचा, त्यासाठी जादा टायर खांद्यावरून आठच्या आकड्यात गुंडाळून घेतलेले. तूर्मालेच्या माथ्यावर पहिला पोचला तो ओक्ताव्ह लापीझ, वय बावीस. तो काही अंतर चालतच आला होता. त्याच्या मागून गुस्ताव्ह गारिगू आला, तो न उतरता. त्याबद्दल त्याला शंभर फ्रँकचे खास बक्षीस मिळाले. मार्थ एसला आठ वर्षांपूर्वी काय मिळाले होते, याची आठवण तेव्हा कोणाला झाल्याचे दिसत नाही.

ब्रेयेर आणि स्तेनेस पुढे जाऊन ओबिस्कवर वाट बघत उभे होते. घड्याळ पुढे सरकत होते, रस्ता मोकळाच. अखेर एक आकृती डुलत वर आली. नामवंतांपैकी कोणी नव्हता. फ्राँस्वा लाफुर्काद नावाचा, कुठल्या कंपनीचा आधार नसलेला एकांडा गडी. बाकीचे कुठे आहेत, काय झाले, असे विचारले तर शब्द न काढता निघून गेला. पाऊण तासाने म्हणावे की पाव तासाने, कथा सांगणाऱ्यावर अवलंबून, पण बऱ्याच वेळाने लापीझ आला. चेहरा चिखलाने माखलेला, डोळे तारवटलेले. संयोजकांकडे बघून तो ओरडला, खुनी आहात तुम्ही, खुनी! मग सायकलीवर बसला, उतार मारला, लाफुर्कादला गाठले आणि चौदा तासांहून जास्त वेळ झगडून टप्पाही जिंकला. पुढे पॅरिसला शर्यतही त्यानेच जिंकली, लक्झेंबर्गच्या फ्राँस्वा फाबेरपेक्षा अवघ्या चार गुणांनी. शेवटपर्यंत ४१ जण टिकले.

लापीझची शिवी देग्रांजला लाखमोलाची ठरली. खून होतो म्हटल्यावर बघायला गर्दी होणारच. पुढच्या वर्षी त्याने आल्प्समधले उंच घाटही घातले.

फाबेर १९१५ मध्ये आघाडीवर पडला. लापीझ लढाऊ वैमानिक झाला आणि १४ जुलै १९१७ रोजी, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, आकाशात मारला गेला. आज तूर्मालेच्या माथ्यावर सायकलवाल्याचा जो धिप्पाड पुतळा आहे, उघडे अंग, मान वर करून श्वास ओढणारा, तो त्याच्या नावाने ओळखतात. हिवाळ्यात पुतळा खाली नेऊन ठेवतात आणि जूनमध्ये शेकडो सायकलवाल्यांच्या मिरवणुकीने पुन्हा वर नेतात. पालखीच म्हणायची.

या घाटाने दिलेली सगळ्यात मोठी कथा मात्र विजेत्याची नाही. १९१३ मध्ये शर्यत उलट दिशेने, बायॉनहून ल्यूशोंकडे चालली होती. युजेन क्रिस्तोफ तूर्मालेचा माथा दुसऱ्या क्रमांकाने ओलांडून उताराला लागला. बेल्जियमचा फिलिप तिस जरासा पुढे होता, पण एकूण हिशेबात शर्यत क्रिस्तोफच्या खिशात आल्यात जमा होती. उतारावर हँडल विचित्र डुलायला लागले. उतरून बघतो तो पुढच्या चाकाला धरणारा चिमटा तुटलेला. नियम असा, की सायकल बदलायची नाही, दुरुस्ती स्वतःच्या हाताने करायची, कोणाची मदत घ्यायची नाही. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर टाकली आणि दहा किलोमीटरहून जास्त उतार तो पायी चालला. एकामागून एक सगळे गडी त्याला ओलांडून गेले.

सँत-मारी-द-काँपाँला लोहाराची भट्टी होती. क्रिस्तोफ मूळचा कुलूप-किल्ल्या करणारा, लोखंडाशी त्याची ओळख. लोहाराने तोंडी सांगायचे आणि याने करायचे. शर्यतीचे अधिकारी आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांची माणसे दारात उभी, याच्या हातावर नजर रोखून. अडचण अशी झाली, की एका हाताने तापलेली नळी धरायची, दुसऱ्या हाताने हातोडा, मग भाता कोणी ओढायचा? भट्टीवरच्या पोराने भाता ओढला. तासन्तास ठोकून चिमटा जोडला गेला, क्रिस्तोफ निघाला, समोर आस्पँ आणि पेरसूर्द अजून बाकी होते. तेही ओलांडून तो रात्री ल्यूशोंला पोचला. पोराने भाता ओढला म्हणून त्याला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे दया येऊन तो तीन मिनिटांवर आणला. चार तासांच्या आसपास वेळ गमावलेल्या माणसाला तीन मिनिटे! तरी तो त्या वर्षी सातवा आला. १९१९ मध्ये पहिल्यांदा निघालेली आघाडीची पिवळी बंडी अंगात घालायचा मान त्याला मिळाला आणि त्याही वर्षी, शर्यत हाताशी असताना, पुन्हा चिमटाच तुटला. सँत-मारी-द-काँपाँच्या भट्टीवर आज पाटी आहे आणि गावात हात उंचावून चिमटा दाखवणारा त्याचा पुतळाही.

१९२६ चा बायॉन–ल्यूशों टप्पा, ३२६ किलोमीटर, वादळात झाला. ल्युसिएँ ब्वीसने तो जिंकला तेव्हा त्याला सतरा तास लागले होते. संध्याकाळ झाली तरी बहुतेक गडी डोंगरात कुठेतरी होते. त्यांना शोधायला मोटारी धाडाव्या लागल्या. माणूस किती ताणता येतो याचा हा शेवटच होता. त्यानंतर हळूहळू टप्पे आखूड झाले, रस्त्यावर डांबर आले. १९३३ मध्ये घाटांसाठी वेगळा किताब ठेवला गेला आणि विसेंते त्रुएबा या चणीने लहान स्पॅनिश गड्याने तो पटकावला. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तो त्याच घराण्यातला मान. लाल ठिपक्यांची पांढरी बंडी या किताबाला १९७५ मध्ये मिळाली.

१९३७ मध्ये गियरवरची बंदी उठली. घाट तेच राहिले, माणसे चाक उलटवायला उतरेनाशी झाली. व्हेलोसियोला जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. देग्रांजची प्रकृती ढासळली होती, त्याने शर्यतीचा कारभार झाक गोदे या तरुणाकडे सोपवला होता. तूर्मालेवरून ही शर्यत आजवर ऐंशीहून अधिक वेळा गेली आहे. बायकांच्या शर्यतीचा टप्पा मात्र या माथ्यावर येऊन संपला तो थेट २०२३ च्या जुलैमध्ये. धुक्यात, डच सायकलपटू देमी व्होलरिंग पहिली आली. मार्थ एस चढून गेली त्याला तेव्हा १२१ वर्षे झाली होती.

आता उन्हाळ्यात सँत-मारी-द-काँपाँच्या चौकात सकाळी आठ वाजता उभे राहिले, तर तऱ्हेतऱ्हेचे सायकलवाले दिसतात. तूर्मालेला जाणारे उजवीकडे वळतात. ज्यांना गर्दी नको आणि झाडी हवी ते डावीकडे पायोलची वाट धरतात, तिथून ऊर्केत दाँसिझाँ या अरुंद घाटावर चढतात, पलीकडच्या दरीत आँसिझाँला उतरतात, आरोला पोचून आस्पँ चढतात आणि पुन्हा पायोलवरून चौकात येतात. हे खरे वर्तुळ. ऊर्केतची खिंड १,५६४ मीटरवर आहे, तूर द फ्रान्सला तिचा शोध लागला २०११ मध्ये. रस्ता एका गाडीपुरता, मध्येच गाई आडव्या बसलेल्या, त्यांना उठवायची कोणाची प्राज्ञा नाही. दर किलोमीटरला दगडी खांबावजा पाटी. तिच्यावर माथा किती दूर आणि पुढच्या किलोमीटरला चढ किती, हे लिहिलेले. स्तेनेसला ही माहिती मिळवायला एक रात्र बर्फात काढावी लागली होती.

या मंडळींत पंचेचाळिशी पार केलेल्यांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी असते. अनेकांच्या सायकलीला मागे बारा दातेरी चक्रे, त्यांतले सगळ्यात मोठे ताटलीएवढे. काहींच्या सायकलीत बॅटरीवरची मोटार. मोटारवाल्यांकडे बघून बिनमोटारवाले नाक मुरडतात आणि हीसुद्धा सायकलच का, असा वाद चौकातल्या कॉफीच्या टेबलांवर रंगतो. देग्रांजने १९०२ मध्ये काढलेले मुद्देच त्यात जवळपास शब्दशः ऐकू येतात, फक्त आता ते काढणाऱ्यांच्या स्वतःच्या सायकलीला चोवीस गियर असतात.